कांद्याचा जीनोम माणसापेक्षा मोठा आहे, दुरुस्ती छापावी

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत छापून आलं की माणसाचा जीनोम (म्हणजे पेशीतला सगळा डीएनए) सगळ्या सजीवांत मोठा आणि म्हणूनच माणूस सगळ्यात प्रगत. मी निफाड तालुक्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते, वर्गातली निम्मी पोरं कांदा लावणाऱ्यांच्या घरची, आणि त्यातल्याच एका मुलीने ते कात्रण वर्गात आणलं म्हणून हे लिहितेय.

रोज ट्रॅक्टर भरून लासलगावला जातो त्या कांद्याचा जीनोम साधारण 1600 कोटी अक्षरांचा आहे आणि आपला 310 कोटींचा, म्हणजे कांद्याचा पाचपट. अक्षरं म्हणजे डीएनएमधली ए, टी, जी, सी ही चारच, त्यांचीच ओळ. तुमच्या पेपरच्या हिशोबात सांगायचं तर एका पानावर 20 हजार अक्षरं धरा आणि रोज 16 पानांचा अंक काढा, माणसाचा जीनोम छापायला साडेसव्वीस वर्षं लागतील, कांद्याचा छापायला 137.

मग कांद्यात एवढं असतं तरी काय? बरेचसे उड्या मारणारे तुकडे, जे स्वतःची कॉपी काढून जीनोममध्ये दुसरीकडे घुसवतात आणि पिढ्यान् पिढ्या साठत जातात. बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईने असे तुकडे आधी मक्यात ओळखले, त्यासाठी तिला 1983 चं नोबेल मिळालं. आपल्यातही जवळपास निम्मा जीनोम असलाच आहे, प्रोटीन बनवणारे जीन 20 हजारच्या आसपास आणि ते फक्त एक-दीड टक्का जागेत बसतात. तब्बल 8 टक्के तर जुन्या व्हायरसांचे अवशेष आहेत, पण तो सगळा कचरा असंही कृपया छापू नका, कारण बाळाची वार तयार होताना जे सिन्सिटिन प्रोटीन लागतं ते अशाच एका व्हायरसकडून आपल्याला मिळालंय. मला स्वतःला हे इतकं भारी वाटतं की दरवर्षी शिकवताना तास संपला तरी माझं बोलणं थांबत नाही.

व्हायरसचं बरोबर उलटं. फाय-एक्स-174 नावाचा बॅक्टेरियावर जगणारा व्हायरस आहे, फ्रेडरिक सॅंगर या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या टीमने 1977 साली त्याचा डीएनए वाचला, फक्त 5386 अक्षरं, तुमच्या पाव पानाला थोडं जास्त. जागा कमी म्हणून तीच अक्षरं दोनदा वापरतो. 'नगरज' लिहा, पहिल्या अक्षरापासून तीन वाचा तर नगर, दुसऱ्यापासून वाचा तर गरज, अगदी तसे त्याचे काही जीन एकमेकांवर चढलेले आहेत. कोविडचा जीनोम आरएनएचा (डीएनएसारखीच अक्षरांची ओळ), दीड पानाचा, एकसलग. फ्लूचा मात्र आठ वेगळ्या तुकड्यांचा, त्यामुळे एकाच डुकराला दोन फ्लू झाले की तुकड्यांची अदलाबदल होऊन नवीनच व्हायरस निघू शकतो, 2009 मध्ये पुण्यात शाळा बंद कराव्या लागल्या तो स्वाइन फ्लू अशाच अदलाबदलीतून आलेला होता.

आणि आकडा मोठा म्हणजे प्राणी मोठा हे क्रोमोसोमच्या, म्हणजे डीएनए ज्या गुंडाळ्यांत भरलेला असतो त्यांच्या, बाबतीतही चालत नाही. भारतीय भेकराच्या मादीत 6 क्रोमोसोम, नरात 7, आणि चीनमधल्या त्याच्या भाऊबंदात 46. जुने क्रोमोसोम एकमेकांना चिकटत गेले म्हणून संख्या कमी झाली, भेकर काही त्यामुळे कमी दर्जाचं हरीण झालं नाही.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर, दिसेल अशा जागी दुरुस्ती छापा, आणि त्यात कांद्याचा आकडा नक्की टाका. त्या मुलीचे वडील पेपर रोज वाचतात आणि माझ्यापेक्षा पेपरावर त्यांचा विश्वास जास्त आहे.

आपली,
एक शिक्षिका, निफाड तालुका