खडू आईच्या हातात देणाऱ्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठं छापायचं नाही, असं तुम्ही मला बजावलं होतं, म्हणून हे पत्र बिननावाचंच लिहिते आहे. पण ते चार लोकांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. कराडजवळच्या तुमच्या शेडमधून आम्ही मायलेकी निघालो तेव्हा माझ्या तोंडून धड आभारही निघाले नाहीत. घसा भरून आला होता, त्यात पाटणची शेवटची एसटी गाठायची घाई. आता तो लहानसा, मॉडेलचा ट्रक पुरा झालाय. हेळवाकच्या घरात टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत ठेवलाय. तो बघायला शेजारपाजारचे येतात, तेव्हा आई आधी तुमची गोष्ट सांगते आणि मग ट्रकची.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगायला हवं. माझी आई बांधकाम खात्याच्या रस्त्यावर रोजंदारीनं डांबराच्या कामाला होती. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरतो तो रस्ता; कागदोपत्री गुहागर–विजापूर. कोयनेच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथला रस्ता दर पावसाळ्यात उखडतो आणि दर उन्हाळ्यात माणसांनी परत बांधावा लागतो. पावसात दरडीची माती ओढायची, चर मोकळे करायचे, खड्ड्यांत खडी-मुरूम टाकून वाट चालू ठेवायची. पाऊस सरला की डांबर. ट्रकच्या मागं चाकांवरचा बॉयलर जोडलेला असायचा. त्याच्या भट्टीत लाकडं पेटवून पिंपातलं डांबर दीडशे अंशांच्या आसपास तापवायचं, झारीनं खड्ड्यात शिंपडायचं, आणि त्यावर बायकांनी घमेल्यानं खडी ओतायची. पायांना गोणपाट गुंडाळलेलं. आईच्या डाव्या पोटरीवर भाजल्याचा व्रण अजून आहे.

हे काम त्या ट्रकशिवाय होत नव्हतं. माणसं, खडी, पिंपं, झाऱ्या, फावडी, दुरमुस, दुपारच्या भाकरी, सगळं त्यातूनच जायचं. रस्त्यावरून रोज हजारो गाड्या गेल्या, पण तो रस्ता गाड्या जाण्याजोगा ठेवणाऱ्या ट्रकचा एक धड फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. म्हणून मला तो बनवायचा होता. १:२४ च्या मापात, प्रत्येक कडी-कोयंड्यासकट.

ट्रक टाटाचा १२१० एसई. बारा म्हणजे भारासकट साधारण बारा टन, दहा म्हणजे साधारण शंभर अश्वशक्ती, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ४.२ मीटरच्या आसपास. इतकं मला ठाऊक होतं. मी पुण्यात कॅडवर ड्रॉइंग काढण्याचंच काम करते, त्यामुळे चासी कागदावर उतरवणं जड गेलं नाही. अडलं ते त्याच्या वर. त्या काळी असे ट्रक कारखान्यातून बहुधा नुसती चासी, म्हणजे चाकं-इंजिनासकट सांगाडा, आणि पुढचा काऊल, म्हणजे ड्रायव्हरच्या पुढ्यातला पत्र्याचा भाग, एवढेच बाहेर पडत. ड्रायव्हर त्यावर उघड्यावर बसून ते चालवत न्यायचे. केबिन, मागचा माल भरायचा हौदा, त्याच्या कडेचे फाळके हे सगळं तुमच्यासारखे मिस्त्री लाकडात आणि पत्र्यात बांधायचे, ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे आणि गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे. म्हणजे आई ज्या भागात बसायची तो भाग कुठल्याच कंपनीच्या नकाशात नाही. युरोप-अमेरिकेतल्या ट्रकची या मापातली तयार किट दुकानात मिळतात. आमच्या ट्रकचं किट मला कुठं दिसलं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी कुठं कुठं गेले ते तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. एका सरकारी आवारात त्याच जातीचा ट्रक गवतात उभा होता. मला फक्त टेप लावायची होती आणि फोटो काढायचे होते. या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. परवानगी आणा म्हणाले, पण ती द्यायची कुणी हे कुणी सांगेना. एक साहेब म्हणाले, "मॅडम, इथं खऱ्या कामाला वेळ नाही, तुम्ही खेळणी घेऊन बसलात." पुन्हा गेले तर ट्रक नव्हता. लिलावात भंगारात गेला होता. मागं राहिले होते चाकांखाली पिवळं पडलेल्या गवताचे चार चट्टे. त्या दिवशीचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. टेप लावून कुणाचं काय गेलं असतं? इमारतींची मॉडेलं करून देणाऱ्या एका दुकानात गेले, तर तिथल्या माणसानं माझी स्केचेस बघितली न बघितली केली. मजुरांचा ट्रक कोण बघणार, एखादी चांगली परदेशी गाडी करा, असा सल्ला दिला.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. या सगळ्या ठिकाणी आई माझ्या सोबत होती. खुर्ची मिळाली तर खुर्चीवर, नाहीतर भिंतीला टेकून. जिनं त्या ट्रकच्या हौद्यात उमेदीची वर्षं काढली, तिला कुणी एक अक्षर विचारलं नाही. सगळे माझ्याशी बोलत होते, तेही नाही म्हणायला.

आणि मग तुमची शेड. उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा वेल्डिंगला लावलेला, एकीकडे ग्राइंडर चालू, लाकडाचा भुसा पायाखाली. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं म्हणून आलो होतो, आधी फोनही केला नव्हता. "कशाला पायजे?" हा प्रश्न ऐकायची मी तयारीच ठेवली होती. तुम्ही तो विचारलाच नाही. तुम्ही विचारलं, "किती बारीक करायचा?" मी म्हटलं, चोवीस पट लहान. तुम्ही क्षणभर वर बघितलं आणि म्हणालात, "म्हंजे फुटाला अर्धा इंच. तीन इंचाला एक सूत. सोपंय की."

काका, मी मिलिमीटरात वाढलेली. कॅल्क्युलेटर घेऊन दर आकड्याला चोविसानं भागत बसणारी. तुमच्या त्या एका वाक्यानं अख्खा ट्रक माझ्या तळहातावर आला. तुमची सगळी विद्या फूट, इंच आणि सुतात; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि हे माप जणू तुमच्यासाठीच बनलेलं.

मग तुम्ही पोरांना कोपरा झाडायला लावलात, दोरी ताणलीत आणि फरशीवर खडूनं ट्रक काढायला घेतलात. लहान नाही, खरा, पुऱ्या मापाचा. काऊलची रेघ, दाराची चौकट, ड्रायव्हरच्या फळीची उंची, मागच्या काचेचा चौकोन. कुठं टेपनं, कुठं विती घालून. "या साइडला पत्रा दोन सूत भाईर काढायचो आमी, पाणी निथळाया," असं बोलता बोलता. हे कुठल्या पुस्तकात आहे? हे तुमच्या मनगटात होतं आणि तुम्ही ते न मागता माझ्यासमोर मांडत होतात.

हौद्यापाशी आलात आणि थांबलात. गुडघ्यावर हात ठेवून उठलात. आई दाराशी बसली होती. तिच्यासमोर जाऊन तुम्ही खडू पुढं केलात.

"ताई, हितनं पुढं तुमी काढा. मी निस्ता बांधणारा. बसणाऱ्या तुमी."

आई दुसरीपर्यंत शिकली. त्यानंतर तिनं खडू हातात धरला नसेल. तिनं पदराला हात पुसला, माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. तुम्ही घाई केली नाहीत. मागं वळून पोराला म्हणालात, "ग्राइंडर बंद कर रं, ताई सांगत्यात ते ऐकू दे." शेड एकदम शांत झाली आणि आई फरशीवर बसली.

तिनं जे काढलं ते मला आजवर माहीत नव्हतं. मी तिची मुलगी असून मला माहीत नव्हतं! चढायला पायरी नव्हती. मागच्या चाकाच्या हबवर पाय, फाळक्याच्या कडीत हात, आणि वरून दुसऱ्या बाईनं ओढायचं. पाण्याची कळशी केबिनच्या पाठीला बांधायची. "तितं हिसकं कमी बसत्यात." झाऱ्या डाव्या अंगाला आकड्यांना अडकवायच्या, म्हणजे गरम थेंब गळला तर गटाराकडं गळेल, कुणाच्या अंगावर नाही. पिंपं मागं, आडवी, दगड लावून. आणि मग तिनं हौद्याच्या दोन खांबांमध्ये एक खोलगट रेघ ओढली. तुम्ही विचारलंत, हे काय? ती म्हणाली, "झोळी. ही निजायची हितं."

ही म्हणजे मी.

तुम्ही काही बोलला नाहीत. टेप काढली, त्या दोन खांबांमधलं अंतर मोजलंत आणि इतर मापांसारखंच तेही फूट-इंच-सुतात शेजारी लिहिलंत: साडेपाच फूट, खाली झोल सव्वा फूट. अधिकारवाणीनं सांगितलेलं माप जसं लिहून घेतात, तसं. माझ्या आईच्या आठवणीला कुणी टेप लावून आकडा दिला, हे मी पहिल्यांदा बघत होते. मापं मला आणखी कुठं मिळालीही असती कदाचित. आईच्या हातात खडू मात्र दुसऱ्या कुणी दिला नसता.

पुढच्या आठवड्यात ट्रेसिंग पेपर घेऊन आले, तर चित्र तसंच होतं. त्यावर तुम्ही पत्रे पालथे घालून ठेवले होते आणि कामाची जागा अडली तरी पोरांना तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

बांधणीचं फार सांगत नाही, तुम्ही येऊन बघालच. केबिन आणि हौदा स्टायरिनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, शीटमधून कापला, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पितळी पट्टीचे केले. ९.००-२० चे टायर या मापाला बेचाळीस मिलिमीटरच्या जरा वर जातात, ते लेथवर नायलॉनमधून काढून घेतले. डांबराची पिंपं विजेच्या फिटिंगच्या पंचवीस मिलिमीटर पाइपची. बारा मिलिमीटरची खडी चोवीस पट लहान केली की अर्धा मिलिमीटर होते, म्हणून कृष्णेची वाळू चाळण्यांतून काढून रंगवली. झारीच्या तोटीला इंजेक्शनची सुई. झोळीला आईनं आपलं जुनं लुगडं काढून दिलं होतं, पण ते सूत या मापाला जाडं पडतं, झोल येत नाही. मलमल लुगड्याच्या रंगात रंगवून घेतली तेव्हा कुठं ती खरी झोळी दिसू लागली. रंग सगळे आईनं ठरवले. डांबराचे ओघळ कुठं हवेत आणि कुठं नकोत, हेही तिनंच.

ट्रक हेळवाकला आणताना एसटीत खोकं ठेवायला जागा नव्हती. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? आईनं सांगितलं. तो उठला, आपल्या सीटवर खोकं ठेवलं आणि पाटणपर्यंत उभ्यानं तिकिटं फाडली. त्याचे वडीलही म्हणे मैलकुली, रस्त्याची देखभाल करणारे मजूर, होते. अशी माणसं आहेत, काका. ती मोठ्या खुर्चीवर नसतात, त्यांच्याकडे शिक्का नसतो, आणि आपण काही मोठं केलं असं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. आई सांगते, घाटात दरड आली की अडकलेल्या गाड्यांतल्या पोराबाळांना तिच्या टोळीतल्या बायका आपल्या भाकरीतली चतकोर द्यायच्या. तिला झोळी बांधायला परवानगी देणारा मुकादमही असाच असणार. कायद्यानं तसं चालत नसेल, पण त्यानं बघूनही तिकडे पाहिलं नाही, म्हणून आईला काम सोडावं लागलं नाही आणि मी शिकले. तुमच्या शेडमध्ये मला ती सगळी माणसं एकदम भेटल्यासारखं वाटलं. ज्यांच्या हातात आवाराची किल्ली होती त्यांनी दार उघडलं नाही. तुमचं आमचं काही नातं नसताना तुम्ही चालू काम थांबवून जागा झाडून दिलीत. तुम्हाला पैसे विचारले तर रागावलात.

या पत्राबरोबर ड्रॉइंगचा पूर्ण संच पाठवते आहे. खालच्या चौकटीत मापं कुणी दिली ते लिहायची जागा असते. तिथं आईचं नाव आहे आणि शेजारी 'कराडचे मिस्त्री'. एवढं तरी चालवून घ्या. बॉयलर जोडायच्या हुकाची उंची आणि फाळक्याची कडी तेवढी पुन्हा तपासून द्या, आणि जिथं बदल हवा तिथं सरळ त्याच कागदावर पेननं रेघ मारा.

आणि ट्रक बघायला या. उसाचा हंगाम लागला की तुम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून दसऱ्याच्या आधीच या. आई नाचणीच्या भाकरी आणि कुळथाचं पिठलं करणार आहे. शेडमधल्या पोरांनाही आणा. ग्राइंडर बंद करणाऱ्या त्या पोराला तर आणाच, आईनं त्याला वेगळं आवतण दिलंय.

आपली,
हेळवाकच्या डांबरवाल्या बाईची लेक