वरच्या खोलीतल्या पोरा, तुझे जाहीर आभार

चि. भावी इंजिनिअर यास,

तुझं नाव लिहीत नाही, नाहीतर लाजून आमच्या दारावरून जायचा बंद होशील. पण सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या घरात कॉम्प्युटरवरचा टीव्ही पुन्हा समजायला लागला तो तुझ्यामुळे, हे चार लोकांना कळायलाच हवं.

बाहेरच्या टीव्हीवर माझ्या मालिका असतात, त्यात तडजोड नाही. म्हणून काकांना आतल्या कॉम्प्युटरला ट्यूनर, म्हणजे टीव्हीचे चॅनेल पकडणारं यंत्र, लावून दिलेला. चित्र झकास, पण प्राण्यांचा कार्यक्रम लावला की सगळं कानडीत. सेट-टॉप बॉक्सवर तोच चॅनेल हिंदीत! एक दुकानदार म्हणाला, विंडोज नव्याने टाकावं लागेल, मशीन ठेवून जा.

तू जतचा, कर्नाटकच्या सीमेजवळचा, कानडी कळणारा. खुर्ची ओढून आधी नुसता ऐकतच बसलास. "काकू, फक्कड कानडी आहे की, बदलायचं कशाला?" मग काकांचा चेहरा बघितलास आणि कीबोर्ड पुढे ओढलास. व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये चॅनेल चालूच होता. 'बी'चं बटण दाबलंस, कानडी जाऊन तमिळ आलं. परत दाबलंस, तेलुगू. परत दाबलंस, हिंदी!

तेवढ्यावर उठला असतास तरी आम्ही खूश होतो. पण प्लेअर बंद करून लावला की परत कानडी, हे तूच दाखवलंस आणि काकांना कारणही सांगितलंस. काका मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, म्हणून त्यांच्याच भाषेत. "काका, ट्रक एकच येतो, पोती वेगळी. चित्राचं एक, प्रत्येक भाषेच्या आवाजाचं एकेक, आणि त्यावर तीन अक्षरांची चिठ्ठी. बॉक्सला तुमची चिठ्ठी सांगून ठेवलीय. कॉम्प्युटरला कुणी सांगितलीच नाही, तो हाताला लागेल ते पहिलं पोतं उचलतो." काकांना हे एका दमात पटलं. माझं साधं सांगणं पटायला त्यांना आठवडा लागतो.

मग टूल्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ असं जाऊन आवडीच्या भाषेच्या चौकटीत आधी मराठीचं एम-ए-आर, मग स्वल्पविराम देऊन हिंदीचं एच-आय-एन माझ्याच हाताने टाइप करून घेतलंस. सेव्ह करून प्लेअर बंद-चालू केला. मराठी असेल तर मराठी, नाहीतर हिंदी.

एका चॅनेलवर मात्र दोन भाषा एकदम बोलत होत्या. तू एकेका स्पीकरला कान लावून बघितलंस, डावीकडे हिंदी, उजवीकडे इंग्रजी. तिथे चिठ्ठीचा उपयोग नाही म्हणालास आणि ऑडिओच्या मेनूतून स्टिरिओ मोड 'लेफ्ट' करून दिलास. आणखी एकाची चिठ्ठीच चुकीची निघाली. चूक पाठवणाऱ्याची, आपण काय करणार? तिथे 'बी' दाबायचं आणि कानाने ओळखायचं.

पैशाचं विचारलं तर जिना चढून पळालास. असं चालणार नाही. भडंग करून ठेवलंय, लसूण जास्त घातलाय. आणि समोरच्या वहिनींकडेही हीच तक्रार होती, ती मी मिटवली बरं का. त्यांचं रेकॉर्डिंग तेवढं अजून एकाच भाषेत होतंय. परीक्षा संपली की खाली ये, तेही शिकवून जा.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू