टिलरवरच्या गावठी सुधारणांना व्यासपीठ मिळावे

मा. संपादक,

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात बैलजोड्या फार कमी उरल्या आहेत. नांगरणी, चिखलणी पॉवर टिलरवरच, म्हणजे मागून चालत हाकायच्या छोट्या यंत्रावरच, होते. पण टिलर तयार करणाऱ्यांनी आमचे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल शेतजमीन, पाहिलेले नसते. खाऱ्या चिखलाने नट-बोल्ट गंजून बसतात. त्याहून वाईट म्हणजे लांब गवत आणि जाळ्यांचे नायलॉनचे धागे रोटरीच्या, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांच्या, दांड्याला गुंडाळत ऑइल सीलपर्यंत, म्हणजे ऑइल आत अडवणाऱ्या रबरी कडीपर्यंत, पोचतात. सील फाटले की ऑइल बाहेर, चिखल आत आणि पाठोपाठ बेअरिंग गेले. सील स्वस्त असते, पण ते बदलायला रोटरी खोलावी लागते, तीही ऐन सरदाच्या, म्हणजे पावसाळी भातशेतीच्या, घाईत.

यावर मी वेल्डरकडून सीलच्या बाहेरून जाड पाइपची कडी बसवून घेतली. ती फिरत नाही. चेनच्या पेटीला जोडलेली आहे आणि दांड्याभोवती अगदी बारीक फट ठेवली आहे. गवत कडीच्या अलीकडेच अडते, संध्याकाळी कोयतीने कापून काढता येते. वेल्डिंग करताना सील आधी काढून ठेवावे, नाहीतर रबर जळते.

इंजिन ऑइलच्या तळच्या बुचाच्या जागी छोटा व्हॉल्व्ह आणि तेलाला टिकणारी नळी लावली आहे. व्हॉल्व्हची मूठ काढून खिशात ठेवतो, म्हणजे बांधाला घासून तो उघडत नाही. जुने ऑइल थेट डब्यात पडते. खाजनातले पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, खाडीला जाते, तिथे मासळी असते. तेथे तेल सांडणे मला पटत नाही.

रोटरीवरचा पत्रा मात्र साफसफाई सोपी व्हावी म्हणून कोणी काढू नये. पाय जातो. त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

अशा युक्त्या गावोगाव आहेत, पण त्या वेल्डरच्या दुकानापलीकडे जात नाहीत. गावठी कल्पना टिपण्यासाठी २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झाले. गोव्यात एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि कृषी खाते यांनी मिळून मे महिन्यात, पावसापूर्वी, तालुकावार एक दिवस ठेवावा. शेतकऱ्यांनी आपापली यंत्रे आणावीत, वेल्डर आणि फिटरांनाही बोलवावे, आणि कोणती सुधारणा सुरक्षित आहे ते अभियंत्यांनी तिथेच तपासून सांगावे. मोडलेले भागही मांडावेत. यंत्र कुठे दुबळे आहे ते त्यांवरून लगेच कळते.

– एक शेतकरी, कोरगाव, पेडणे