गदा एकच असू द्या: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

2025 च्या एप्रिलमध्ये गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरला होता. हलगी कडाडत होती, पोरं लांग घट्ट करून हौद्याभोवती फिरत होती. मी माझ्या पुतण्याला घेऊन पुढच्या रांगेत बसलो होतो. तो सोळा वर्षांचा आहे, पहाटे चारला उठून तालमीत जातो. शेजारी एक म्हातारे पैलवान होते. कान मोडलेले, हातात काठी. त्यांनी पुतण्याला विचारलं, "औंदा म्हाराष्ट्र केसरी कोण झाला रं?" पोरानं दोन नावं सांगितली. म्हातारबुवा जरा थांबले आणि म्हणाले, "मंग गदा दोन हायत व्हय?"

पुतण्यानं माझ्याकडे बघितलं. मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर आपल्याकडून मिळावं म्हणून हे पत्र लिहितोय.

त्याची दोन्ही नावं बरोबर होती. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. मार्चच्या अखेरीस त्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांच्या आत, दोघांच्या खांद्यावर गदा. राज्यात कुस्तीच्या दोन संघटना आहेत, एक परिषद आणि एक संघ. दोघीही आपलीच स्पर्धा खरी म्हणतात. याआधी 2023 च्या नोव्हेंबरमध्येही हेच घडलं होतं. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली आणि त्याच महिन्यात धाराशिवला राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून दुसरी गदा घेतली. म्हणजे एकच पैलवान एकाच महिन्यात उपविजेताही होता आणि विजेताही. यात राक्षेची काही चूक नाही. पैलवानाला बोलावलं की तो लढतो, त्याचं कामच ते आहे. पण त्याच्या दुसऱ्या गदेचं मोल आपण कमी केलं आणि सिकंदरच्या गदेचंही.

1961 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिनकर दह्यारींनी पहिली महाराष्ट्र केसरी जिंकली. तेव्हापासून गावोगावच्या तालमींत या विजेत्यांची नावं पाढ्यासारखी पाठ असतात. नरसिंग यादव सलग तीनदा, त्यानंतर विजय चौधरी सलग तीनदा, चंद्रहार पाटील दोनदा. ही यादी कुणी भिंतीवर लिहून ठेवलेली नसते. वस्ताद सांगतात, पोरं ऐकतात. माझ्या लहानपणी गदेच्या, म्हणजे किताबाच्या शेवटच्या, कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी गावात एकच वर्तमानपत्र यायचं आणि ते तालमीत मोठ्यानं वाचलं जायचं. आता पुतण्या मोबाइलवर सगळं थेट बघतो. पण 2023 पासूनची नावं त्याला सलग सांगता येत नाहीत. सांगायला लागला की प्रत्येक नावामागे "म्हणजे त्या वाल्यांचा" असं जोडावं लागतं.

आता दुसरी गोष्ट. माझ्या मनाला खरी लागलेली हीच आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

अहिल्यानगरला गादी विभागाच्या, म्हणजे मॅटवरच्या, अंतिम लढतीत राक्षे आणि मोहोळ समोरासमोर होते. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचं जाहीर केलं. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असं राक्षेचं म्हणणं होतं. पुढे त्याने पंचाला लाथ मारली. त्याच संध्याकाळी गदेच्या कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणांवरून वाद घालत शेवटचे काही क्षण उरले असताना मॅट सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. पंचाच्या अंगाला पाय लावणं ही मोठी चूक आहे आणि तिला शिक्षा हवीच. आमच्या तालमीत वस्तादाच्या सावलीवरसुद्धा कुणी पाय देत नाही. तिथे वाढलेल्या माणसाला या चुकीचं वजन समजावून सांगावं लागत नाही.

पण साहेब, त्या चितपटीची चित्रफीत पुढे कितीतरी दिवस घरोघरी फिरत होती. चहाच्या टपरीवर, एसटीत, शाळेच्या कट्ट्यावर पोरं ती थांबवून, हळू करून बघत होती. एकजण म्हणायचा टेकली, दुसरा म्हणायचा नाही टेकली. माझ्याच घरात दोन मतं होती. मी स्वतः वीसेक वेळा ती बघितली असेल आणि तरीही छातीवर हात ठेवून निकाल सांगता येणार नाही. जे मला वीस वेळा बघून ठरवता येत नाही, ते त्या पंचाने एका श्वासात, एका बाजूनं, घामेजल्या अंगांच्या गुंत्यातून बघून ठरवायचं होतं. त्या माणसाचीही मला कणव येते.

जत्रेतल्या निकाली कुस्तीत हा प्रश्न फारसा येत नाही. मातीत चितपट म्हणजे पाठ पुरती मातीला लागते, धूळ उडते, चारी बाजूंच्या माणसांना दिसते आणि हलगीवाला आधीच ताल बदलतो. मॅटवर तसं नसतं. तिथे दोन्ही खांदे क्षणभर एकाच वेळी टेकले की कुस्ती संपते. तो क्षण धरायला एक डोळा पुरत नाही, म्हणून पंच, साइड जज आणि मॅट चेअरमन असे तिघे असतात. गुणांवर वाद झाला तर प्रशिक्षक मॅटवर स्पंज टाकून चॅलेंज घेतो आणि चित्रफीत बघितली जाते. चॅलेंज चुकलं तर समोरच्याला एक गुण मिळतो, त्यामुळे उगाच कुणी ते घेत नाही. चितपटीवर मात्र चॅलेंज घेता येत नाही. चितपट मॅट चेअरमनच्या संमतीनंच जाहीर होते, त्यामुळे ती आधीच तपासलेली आहे असं नियम धरून चालतो.

नियम म्हणून हे ठीक असेल. पण महाराष्ट्र केसरी ही ऑलिंपिकची कुस्ती नाही, ती आपली आहे. गादीचा विजेता आणि मातीचा विजेता शेवटी एकमेकांशी भिडतात, ही रीत ऑलिंपिकमध्ये नाहीच. आपण आपली रीत केली आहे, तर त्यात एक ओळ वाढवायला कुणाची आडकाठी? गादी आणि माती विभागाच्या अंतिम लढती आणि गदेची कुस्ती, एवढ्या तीन लढतींत चितपट जाहीर करण्याआधी मॅट चेअरमनने पडद्यावर चित्र बघावं आणि तेच चित्र प्रेक्षकांनाही दाखवावं. वेळ जाईल तो अर्धा मिनिट. पैलवानाने त्या कुस्तीसाठी आठ-दहा वर्षं जोर-बैठका मारलेल्या असतात.

क्रिकेटमध्ये 1992 साली डर्बनला तिसऱ्या पंचाने चित्र बघून पहिल्यांदा ज्या फलंदाजाला धावबाद दिलं, तो आपला सचिन तेंडुलकर होता. त्यानंतर मैदानावरच्या पंचाची इज्जत कमी झाली नाही, उलट त्याच्या मागे लागणारी माणसं कमी झाली. कुस्तीत याची गरज जास्त आहे, कारण इथे चिडलेला प्रेक्षक पंचापासून पाच पावलांवर उभा असतो. 2023 च्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरची टांग या डावाचे चार गुण दिले गेले. टांग पूर्ण लागली की नाही यावर राज्यभर रान पेटलं आणि पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. हौसेपोटी पंचगिरी करणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत हे जात असेल, तर उद्या पंच मिळायचे कुठून?

माझ्याच तालुक्यातल्या एका स्पर्धेत पुतण्याच्या बाबतीत असं झालं होतं. कुठली स्पर्धा ते सांगत नाही, माणसं साधी होती आणि त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यानं एकेरी पट काढून समोरच्याला खाली घेतलं आणि गुण समोरच्याला गेले. पोरगा काही बोलला नाही. पंचांच्या पाया पडला, बाहेर आला आणि घरी येईपर्यंत गप्प होता. रात्री आईला म्हणाला, "मला बघितलंच नाही." हरल्याचं दुःख तालमीतलं पोर पचवतं, रोज दहा वेळा पडूनच ते शिकतं. आपल्याकडे कुणी बघितलंच नाही, हे त्याला पचवता येत नाही.

तिसरी गोष्ट गादीची. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 ला लंडनला गेले ते मातीतून थेट मॅटवर आणि तरीही सहावे आले. पुढच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. 1952 ला हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आपलं सरकार राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यानंतर ऑलिंपिकच्या कुस्तीत महाराष्ट्राला एकही पदक मिळालेलं नाही. सुशीलकुमार, योगेश्वर, साक्षी, रवी, बजरंग, अमन, सगळे उत्तरेकडचे. आपल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य आणलं, तेव्हा आमच्या तालमीत पेढे वाटले होते. अंगात रग आहे, खुराक आहे, वस्ताद आहेत. पुतण्याच्या तालमीत मॅट नाही. पूर्ण मॅटला बारा मीटर लांब-रुंद जागा लागते आणि त्यावर छप्पर लागतं, ते गावाला परवडत नाही. आठवड्यातून दोनदा तो शेजारच्या तालुक्यात जातो, परतीची एसटी चुकली तर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून येतो. गदेच्या विजेत्याला थार गाडी मिळते, चांगली गोष्ट आहे, त्यानं ती कमावलेली असते. पण एका तालुक्यात एक मॅट आणि त्यावर एक शेड, एवढं आपल्या खात्याने मनावर घेतलं तर अशी किती पोरं वेळेवर घरी पोहोचतील.

मुलींचं तर अजून सुरूच होतंय. 2023 ला सांगलीत प्रतीक्षा बागडीने महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी जिंकली. त्या दिवशी आमच्या गावातली दोन घरं पोरींना तालमीत घालायला तयार झाली. त्यांच्यासाठी तालमीत स्वतंत्र न्हाणीघर हवं आणि मॅट तर हवंच, मातीच्या हौद्यावर पोरं आणि पोरी एकत्र सराव करत नाहीत. हा विषय खरं तर वेगळ्या पत्राचा आहे, इथे फक्त नोंद करून ठेवतो.

मला माहीत आहे, संघटना चालवणं हे सरकारचं काम नाही, मान्यता देणंही दिल्लीतून होतं. पण विजेत्याला पोलीस खात्यात अधिकारी करणं राज्याच्या हातात आहे. विजय चौधरी, नरसिंग यादव हे दोघे असेच उपअधीक्षक झाले. मान राज्य देतं, नोकरी राज्य देतं, तर कुठल्या गदेला देणार हे राज्याने स्पष्ट सांगायला हवं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला आणि त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. दोन्ही संघटनांनी आपलं भांडण तिथे न्यावं. तोवर आपण दोघांना एका टेबलावर बसवून एवढंच कबूल करून घ्यावं की निकाल लागेपर्यंत एका वर्षी एकच स्पर्धा होईल. यजमान आलटून पालटून, पंच दोन्हीकडचे मिळून, आणि शेवटच्या तीन कुस्त्यांना पडदा. दोन्हीकडे जुने पैलवान आहेत, एकाच वस्तादाकडे शिकलेले आहेत. पदांवरून त्यांचं जमत नसेल, पण समोर हौद्यात पोरं उभी केली तर त्यांचं मन वळेल, असं मला वाटतं. एकदा बोलावून तर बघा.

पुढच्या चैत्रात जत्रा आहे. ते म्हातारे पैलवान येतील, दरवर्षी येतात, त्याच जागी बसतात. त्यांना मला एकच नाव सांगायचं आहे.

आपला,
एका तालमीतल्या पोराचा काका