सकाळचे तास आणि रिकामे पोट

सकाळी सातच्या तासाला येणारी निम्मी मुले फक्त चहा-बिस्किटावर असतात. रात्रीचे जेवण नऊला आणि पुढचा घास अकराच्या सुट्टीत, म्हणजे 14 तासांचा उपास! शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळी सुमारे 20 टक्के ऊर्जा तोच खर्च करतो. न्याहारी केली की गुण वाढतात, असा सरळ हिशेब मात्र नाही; तरुणांवरील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. डोके दुखणे, चिडचिड, तासाला लक्ष न लागणे, हे मात्र भुकेपोटी सर्रास होते.

कँटीनचा वडापाव किंवा शेव भुरभुरलेले पोहे पोट भरतात, पण त्यांत प्रथिने कमी. त्याच पोह्यांत मूठभर (30 ग्रॅम) शेंगदाणे घातले तर 7 ग्रॅम प्रथिने वाढतात. वर लिंबू पिळले की लोहही चांगले शोषले जाते. त्यावर लगेच चहा घेतला तर हा फायदा बराचसा जातो, म्हणून तासाभराचे अंतर हवे. रक्तक्षय असलेल्या मुलींनी तर हे पाळावेच. खोलीत शेगडी नसेल तर 40 ग्रॅम सातूचे पीठ, पेलाभर दूध, थोडा गूळ. पीठ आधी चार चमचे दुधात कालवून मग उरलेले दूध ओतावे, नाहीतर गुठळ्या होतात.

पण खरी अडचण वेळापत्रकाची. तास सातला आणि वसतिगृहाची मेस उघडते आठला! ती साडेसहाला उघडावी, निदान उकडलेली अंडी, केळी आणि दूध तरी ठेवावे.

— एक आहारतज्ज्ञ, पुणे