मिस्तरीदादा, हे पत्र तुमच्यासाठी

राम राम मिस्तरीदादा,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, ठाऊक आहे. पोरगा वाचून दाखवेल.

आमचा ३५ एचपीचा ट्रॅक्टर आप्पांनी १९९४ साली कपाशीच्या पैशातून घेतलेला. शेणखत भरायला मजूर मिळेना म्हणून गेल्या वर्षी मी त्याला पुढून लोडर बसवून घेतला. बसवणाऱ्याने फ्रेम आवळली ती नुसती पुढेच, इंजिनापाशी. महिनाभरात इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या सांध्यातून तेल गळू लागलं, पुढचा एक्सल सेंटर पिनवर खडखडायला लागला. विचारायला गेलो तर म्हणे, "जुना माल, भंगारात घाला." तेही आप्पांच्या तोंडावर. नंतर फोन उचलणंही बंद. पैसे घेताना बरा जुना दिसला नाही!

तुम्ही पोतं अंथरून खाली शिरलात. बाहेर येऊन एवढंच म्हणालात, "याला ट्रकसारखी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हाच त्याचा कणा, आणि सगळा भार त्यावरच टाकलाय." मग दोन्ही बाजूंनी चॅनल थेट मागच्या एक्सलपर्यंत नेले, पिन-बुश बदलले, बकेट भरल्यावर मागची चाकं हलकी पडू नयेत म्हणून मागच्या लिफ्टला वजन म्हणून काँक्रीट भरलेला ड्रम दिला. दोन हजार कमी पडले तर हसलात, "पैसा कोठे पळी जातस?"

पण लिहायला बसलो तो त्या ब्रशमुळे. काम झाल्यावर तुम्ही पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा काढलात. मला वाटलं, नंबर टाकणार. तुम्ही ब्रश आप्पांच्या हातात दिलात. "आप्पा, प्रत्येक बोल्टवरून पट्टीपर्यंत एक रेघ ओढा. रेघ तुटली की समजा बोल्ट फिरला. ट्रॅक्टर तुमचा, रेघ तुमचीच पाहिजे."

हात थरथरत होता त्यांचा. सोळा रेघांना अर्धा तास लागला. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तुम्ही डबा धरून उभे. हुशार कारागीर पुष्कळ भेटतात हो, म्हाताऱ्या माणसाचा मान राखून पाना फिरवणारा विरळा.

आता आप्पा चहाआधी रेघा बघून येतात. परवा डावीकडची एक केसभर सरकली होती. मला हाक न मारता पाना घेऊन स्वतःच बसले.

आखाजीच्या सणाला घरी या. खापरावरचे मांडे आणि आमरस आहे. वहिनींनाही आणा.

तुमचा,
अमळनेर तालुक्यातला एक शेतकरी