वणीचा गड, सायकलवर

नाशिक,
जानेवारी

प्रिय सुन्या,

गेलो एकदाचे गडावर सायकलने! तू इथे होतास तेव्हा दर थंडीत ठरायचं आणि ऐन वेळी कुणाच्या तरी मावसबहिणीचं लग्न निघायचं. म्हणून या खेपेला मुद्दाम पौषातला रविवार धरला.

अंधारातच पंचवटीतून निघालो, पाच जण. म्हसरूळ मागे पडलं की खरी थंडी लागते. दिंडोरीच्या अलीकडे बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत हे बघूनच कळत होतं. द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या. घडांना थंडी बाधू नये म्हणून हा सगळा खटाटोप. एका बागेशी थांबून हात शेकले. तिथले काका म्हणाले, "गाड्या विकल्या का रे पोरांनो?"

वणीपर्यंत एकामागे एक, ओळीने. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, दमला की बाजूला होऊन शेवटी जायचं. सपाटीवर पंचविसाच्या वेगाने जाताना पायातली बरीचशी ताकद वारा कापण्यातच जाते, त्यामुळे मागच्याला खरंच आराम पडतो. शेवटच्या नंबरावर पम्या इतका निवांत होता की गाणी म्हणत होता. बेसूर.

नांदुरीला चहा घेतला आणि तिथेच वाद झाला. पुढे दहाएक किलोमीटरचा घाट. मक्या म्हणाला, सगळे सोबतच चढू, कुणाला मागे टाकायचं नाही. मी ठाम नाही म्हटलं. घाटात आपण सात-आठच्या वेगाने सरकतो, तिथे वारा कोण विचारतो? ओढायचं असतं स्वतःचं वजन, आणि ते दुसऱ्याच्या पाठीमागे लपून हलकं होत नाही. उलट हळू चढणारा भिडेखातर जोर लावतो आणि तिसऱ्याच वळणाला त्याची छाती भरून येते. आपल्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तीही पाळीपाळीने चालवून. एक सायकलवर तेव्हा दुसरा विश्रांती घेणार. त्यांना कुणी म्हणालं का, सोबत नव्हतात म्हणून?

तर ज्याने त्याने आपल्या दमाने चढावं असं ठरलं. सगळ्यात हलका गिअर टाकला आणि खाली मान घालून निघालो. जीपमधले भाविक "बोल अंबे माता की जय" ओरडत पुढे जायचे, ते बहुधा आमच्यासाठीच असावं. समोर मार्कंड्या डोंगर वळणागणिक जागा बदलत होता. मक्या पहिला पोहोचला, पम्या शेवटचा, पाऊण तासाने. वाटेत बसून बोरं खाल्ली म्हणे! सोबत चढलो असतो तर त्याला कुणी खाऊ दिली असती का?

दर्शनाला ट्रॉलीने गेलो. २०१८ पासून ती सोय आहे, आणि पाचशेच्या वर पायऱ्या चढायला पाय उरले नव्हते. चैत्रात खानदेशातून लोक भर उन्हात चालत येतात, त्यामुळे आमच्या पराक्रमाचं गडावर कुणाला काही वाटलं नाही.

परतताना उतारावर ब्रेक सोडत-धरत आलो. वणीनंतर समोरून वारा सुटला आणि पुन्हा सगळे मुकाट ओळीत. दिंडोरीला मिसळ. त्यानंतरचे पंचवीस किलोमीटर कसे आलो ते विचारू नकोस.

पुढच्या पौषात ये. तुझी सायकल काकूंनी गच्चीवर झाकून ठेवलीय, टायर मात्र बदलावे लागतील. पंप माझ्याकडे आहे, तो परत मिळणार नाही.

तुझाच,
बाळ्या